मुक्ताबाईचा तारांकित प्रश्न

बबनरावांनी मला निरोप पाठवला होता, मुक्ताबाईवर काही लिहू नको म्हणून. त्यामुळेच लिहितो आहे. नाहीतर मी तसा आळशी माणूस. नेकनूरच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि बीडच्या एका दैनिकाचा मी वार्ताहर आहे, म्हणजे बातम्याही मीच द्यायच्या आणि जाहिरातीही मीच आणायच्या. असल्या माणसाला कुणी अमुक लिहू नको म्हटलं, की त्याचे हात शिवशिवायला लागतात.

मुक्ताबाई ओव्हाळ साळगव्हाणची. लग्नानंतरची बरीच वर्षं ती आणि नवरा शहादेव उसाच्या फडात जायचे. मग शहादेव गवंडीकाम शिकला, दोघांचा कोयता सुटला आणि मुक्ताबाईनं बौद्धवस्तीच्या तोंडाशी, रस्त्याला लागून पिठाची गिरणी टाकली. बाजरी बारीक दळून देते आणि कुणाच्या डब्यात हात मारत नाही, म्हणून सगळ्या आळ्यांतल्या बाया तिच्याकडेच येतात. गिरणीच्या आवाजावर बोलायची सवय असल्यामुळे ती कानात सांगते तेही चौकात ऐकू येतं. शहादेव नेमका उलटा. त्याच्याशी बोलायचं तर आपणच दोघांचं बोलावं लागे. शाळेच्या खोल्या, पाण्याची टाकी, बबनरावांच्या शेतातला बंगला, गावात जे पक्कं उभं आहे त्यातलं बरंचसं शहादेवच्या हातचं आहे.

दहनशेडही त्यानंच बांधलं. चार खांब, वर पत्रा, खाली ओटा आणि ओट्यावर लोखंडी जाळी. वस्तीची मढी पूर्वीपासून वड्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी जाळायचे. पावसाळ्यात हाल होतात, तर तिथंच एक शेड द्या, असं वस्तीनं मागितलं. शेड मंजूर झालं आणि जागा बदलली. बबनराव हे माजी सरपंच, वर पंचायत समितीचे माजी सदस्य. साहेबांच्या केबिनमध्ये ते विचारून जात नाहीत, जाऊन मग विचारतात. वड्याचा काठ पुरात जातो असा कुणीतरी शेरा मारला आणि शेड गेलं बबनरावांच्या शेतापलीकडच्या गायरानात.

शेडबरोबर सिमेंटचा रस्ता मंजूर झाला होता, स्मशानभूमीकडे जाणारा. तो गावातून निघाला, बबनरावांच्या बंगल्याच्या दारात आला आणि तिथंच संपला. पुढं शेडपर्यंत बबनरावांचं शेत, शेताला तारेचं कुंपण, कुंपणाला फाटक आणि फाटकाला कुलूप. वस्तीचं मढं जायला सरकारनं केलेल्या रस्त्यावरून बबनरावांची जीप जाऊ लागली. शेडमध्ये कडबा भरला, ठिबकच्या नळ्या ठेवल्या, सरकीची पोती रचली. "खांब पक्के दिलेत म्या," शहादेव एकदा मला म्हणाला होता. "कडबा भिजायचा न्हाई." एवढाच त्याचा निषेध.

शहादेव आषाढात गेला. सकाळी छातीत कळ आली आणि बीडला न्यायला जीप मिळेपर्यंत संपलं. त्या आठवड्यात पावसाची झड लागली होती. वस्तीनं तिरडी उचलली आणि पहिल्यांदाच ती वड्याकडे न नेता त्या सिमेंटच्या रस्त्यानं नेली. मी बरोबर होतो. फाटकाला कुलूप होतं. बबनराव छत्री घेऊन बंगल्याच्या ओसरीत आले, पण पायरी उतरले नाहीत.

"मुक्ताबाई, आत कडबा हाय," ते म्हणाले. "भर पावसात त्यो काढून कुठं टाकू? जनावरं काय खातील? आन तुमी वड्यालाच जाळत आलाव की आजवर."

शहादेवच्या चुलतभावानं हात जोडले. "मालक, त्ये यानंच बांधलंय हो."

"बांधलं त्याचा रोज घेतला न्हवं?" बबनराव म्हणाले आणि आत गेले.

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. त्यानंतर बबनरावांनी कितीही देवळं बांधली असती तरी माझ्या लेखी ते वाक्य पुसलं गेलं नसतं.

तिरडी परत फिरली. मुक्ताबाईच्या घरावरचे पत्रे काढले, बांबूंना बांधले आणि सरणावर चार माणसांनी ते धरून ठेवले. वारा सुटला की पत्रे हलायचे आणि पाणी सरणावर पडायचं. संध्याकाळपर्यंत सरण विझलं. दुसऱ्या दिवशी टायर आणि डिझेल आणून पुन्हा पेटवलं. त्या मधल्या वेळात मुक्ताबाई तिथून हलली नाही, कारण वड्याकडच्या कुत्र्यांचा तिला भरवसा नव्हता. तिसऱ्या दिवशी राख सावडायला ती चिखलात बसली. राख कुठली, काळा रेंदाच होता. त्यातून तिनं हाडं वेचली, मडक्यात घातली, उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"बबनरावाचं नाव म्या मुंबईच्या सभागृहात घ्यायला लावीन. सरकारच्या तोंडानं. ग्रामपंचायतीत त्याचा पुतण्या, बीडला त्याचा साडू. मुंबईला तरी त्याचं कुणी नसंल."

दुःखात माणूस काहीही बोलतं, असं सगळ्यांनी धरलं. मीही तेच धरलं. तिच्या सांगण्यावरून मी अर्ज लिहून दिले, ते ठिकठिकाणी जाऊन बसले. पोलिसांनी वाद दिवाणी स्वरूपाचा आहे असं सांगितलं. मेलेल्या माणसाला जाळू न देणं हा दिवाणी वाद कसा, ते मला अजून कळलेलं नाही.

वस्तीतल्या बाया दरवर्षी सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जातात. त्या वर्षी मुक्ताबाईही गेली. दादरला बऱ्याच पुढाऱ्यांचे खाण्यापिण्याचे स्टॉल लागलेले असतात. बाहेरच्या जिल्ह्यातल्या, विरोधी पक्षाच्या एका आमदाराच्या स्टॉलवर त्यांचे स्वीय सहायक, युवराज नावाचे, वडापाव वाटत होते. मुक्ताबाईनं फलकावर आमदार हा शब्द ओळखला आणि रांगेत उभी राहिली. पुढं आली तेव्हा युवराजनी वडापाव धरला. तिनं तो घेतला नाही.

"वडापाव नगं. माझा प्रश्न टाक सभागृहात."

युवराज हसले आणि म्हणाले, मावशी, पुढं सरका. ती सरकली नाही. मागं भली मोठी रांग, उन्हातली भुकेली माणसं; सगळे ओरडायला लागले. युवराजनी शेवटी तिला बाजूला घेतलं, खुर्ची दिली आणि ऐकलं. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी मला फोन लावला, कारण तिला माझा नंबर पाठ होता.

तिकडच्या आमदारानं इकडचा प्रश्न विचारायचा, यात नवल काही नाही. इकडचा आमदार विचारील तर त्याच्याच गाडीत बसणारी माणसं दुखावतात. प्रश्नाची भाषाही ठरलेली असते. दर कलमाच्या शेवटी 'हे खरे आहे काय' असं यावं लागतं. साळगव्हाण येथील दहनशेडची मूळ जागा बदलण्यात आली, हे खरे आहे काय. सदर शेडमध्ये चारा साठवला जातो, हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने चौकशी करून कोणावर कारवाई केली. नसल्यास, विलंबाची कारणे काय. युवराजनी पाठवलेला मसुदा मी गिरणीत वाचून दाखवला.

"खरं हाय काय, असं कावून इचारायचं?" मुक्ताबाई म्हणाली. "खरंच हाय की."

"सरकारला असंच विचारतात."

"आन बबनरावाचं नाव कुठं हाय ह्यात?"

मी युवराजना फोन केला. ते म्हणाले, प्रश्नात खाजगी माणसाचं नाव टाकलं तर विधानभवनातलं कार्यालय कापतं. कुणावर कारवाई केली, असं विचारलं आहे, तर नाव उत्तरात यायला पाहिजे. मुक्ताबाईनं मान हलवली. उत्तरात यायला पाहिजे, एवढंच तिनं धरून ठेवलं.

अर्थसंकल्पी अधिवेशनात प्रश्न स्वीकारला गेला. त्याच्यावर तारा बसला, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं. आता सरकारी कचेरीत विधानसभेचा प्रश्न आला म्हणजे काय होतं, ते बघण्यासारखं असतं. रजा रद्द होतात, रविवारी कुलपं उघडतात, बायकोचा फोन न घेणारे साहेब मुंबईचा फोन पहिल्या घंटीला उचलतात. प्रश्न मुंबईहून निघतो आणि एकेक पायरी उतरत खाली येतो. प्रत्येक पायरीवरचा माणूस तो खालच्याकडे ढकलतो, आणि शेवटी ज्याच्याबद्दल प्रश्न आहे त्याच्याच टेबलावर तो येऊन पडतो. साळगव्हाणचा प्रश्न असाच ग्रामसेवक राधाकिशन यांच्याकडे आला. राधाकिशन माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त पाठीचा कणा द्यायचा राहिला होता. त्यानं उत्तर कुठं बसून लिहिलं, ते गावाला माहीत आहे. बबनरावांच्या ओसरीत बसून लिहिलं.

सभागृहात प्रश्न तोंडी चर्चेला आलाच नाही; वेळ संपली. छापील उत्तर युवराजनी मोबाइलवर पाठवलं. मी ते घेऊन गिरणीत गेलो. मुक्ताबाईनं गिरणी बंद केली. दळणाला आलेल्या बाया तशाच उभ्या राहिल्या. मी वाचलं:

"हे खरे नाही. सदर दहनशेड नियमित वापरात असून, गत जुलैमध्ये श्री. शहादेव ओव्हाळ यांचा अंत्यविधी सदर शेडमध्येच करण्यात आला आहे. सबब कारवाईचा प्रश्न उद्भवत नाही."

"पुन्ना वाच," मुक्ताबाई म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. 

"पावसात दोनदा जाळला," ती म्हणाली. "आता ह्यांनी कागदावर तिसऱ्यांदा जाळला. म्या बबनरावाचं नाव मागितलं, तर ह्यांनी मपल्या मालकाचं घेतलं."

ती रडली नाही. बाया रडल्या. मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मला पहिल्यांदाच बबनरावांची काळजी वाटली. अर्थात फार वेळ नाही.

युवराज मात्र फोनवर खुशीत होते. सभागृहाला खोटी माहिती देणं म्हणजे हक्कभंग, ते म्हणाले. इतके दिवस आपल्याकडे तक्रार होती, आता त्यांनीच गुन्हा लिहून दिला आहे. त्यांचे आमदार विधिमंडळाच्या एका समितीवर होते. मागासवर्गीयांसाठीची कामं जागेवर जाऊन तपासणारी ती समिती उन्हाळ्यात बीड जिल्ह्यात येणार होती. भेटीच्या गावांत साळगव्हाणचं नाव घालायला आमदारांना कष्ट पडले नाहीत.

समिती येणार म्हटल्यावर आठवड्याभरात साळगव्हाण ओळखू येईना. फाटकाचं कुलूप गेलं, मग फाटकच गेलं. ट्रॅक्टर भरभरून कडबा बाहेर पडला. शेतातून शेडपर्यंत मुरूम टाकून वाट केली, वाटेच्या दोन्ही बाजूंना चुन्याच्या रेषा ओढल्या. खांबांना रंग लागला. सगळं झाल्यावर आदल्या दिवशी राधाकिशनच्या लक्षात एक गोष्ट आली. पत्र्याला धुराचा एक डाग नव्हता. जाळीचा तांबडा रंगही जसाच्या तसा होता. इथं आजपर्यंत काडीसुद्धा पेटली नाही, हे कुणालाही दिसलं असतं.

मग त्यांनी त्यांच्या बुद्धीनं उपाय काढला. समिती यायच्या दिवशी पहाटे बबनरावांच्या गड्यांनी जाळीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या भरल्या, वर बाभळीचे दोन ओंडके ठेवले आणि पेटवून दिलं. पत्रा काळा झाला, जाळी काळी झाली, ओट्यावर चांगला राखेचा ढीग पडला. बघून सगळे समाधानानं चहा प्यायला गेले. पुरावा तयार करायची आपल्याकडे इतकी सवय झालेली आहे, की तो कशाचा पुरावा होतोय हे बघायचं राहून जातं.

धूर वस्तीतून दिसला. गावात कुणी मेलेलं नव्हतं. मी सकाळी पोचलो तेव्हा गिरणी बंद होती आणि मुक्ताबाई पांढरं लुगडं नेसून दारात उभी होती. पाठीमागं वस्तीतल्या दहा-बारा बाया. एकीच्या हातात पाण्याचा तांब्या, मुक्ताबाईच्या हातात शहादेवचं घमेलं.

"घोषणा द्यायच्यात का?" मी विचारलं.

"घोषणा कावून? सावडायला चाललाव." आणि ती हसली. ते हसू चांगलं नव्हतं, पण मला ते लई आवडलं.

समिती आली. पांढऱ्या गाड्यांची रांग, आमदार, मोठे साहेब, मधले साहेब, बंदोबस्ताला फौजदार. बबनराव कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, पांढऱ्या बुटांत, हातात शाल-नारळ घेऊन सगळ्यात पुढं. जणू शेड त्यांनीच दान दिलं होतं. राधाकिशननं माहिती दिली: "वापर नियमित आहे साहेब. हे बघा." समितीच्या अध्यक्षांनी राखेकडे बघितलं, मान डोलावली. कुणीतरी फोटो काढला. सगळे वळणार, तेवढ्यात बाया आल्या. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. वाट आपोआप मोकळी झाली, कारण सावडायला चाललेल्या बायांना आपल्याकडे कुणी अडवत नाही. मुक्ताबाई ओट्यापाशी बसली, घमेल्यात राख ओढली आणि बोटांनी चाचपायला लागली.

"बाई, काय करता?" अध्यक्षांनी विचारलं.

"मालकाची हाडं हुडकते, साहेब. शहादेव ओव्हाळाची बायको म्या. सरकारनं सभागृहात सांगितलंय, त्याला हितं जाळला म्हणून."

 तिनं शांतपणे दुसरं घमेलं भरलं.

"हाडं तर न्हाईत, साहेब. आन राख गरम हाय. मपला मालक गेल्या आषाढात गेला." मग ती उठली आणि फौजदाराकडे वळली. "फौजदारसाहेब, आज सकाळी हितं कुणाला जाळलं? गावात कुणी मेलेलं न्हाई. नाव न सांगता, कुणाला न कळवता मढं जाळलं, तर तुमच्याकडं त्याला काय म्हणत्यात?"

फौजदारांनी अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी राधाकिशनकडे बघितलं. "बोला. कुणाचा अंत्यविधी?" राधाकिशन हातातली फाइल चाळायला लागला. मढं होतं म्हणावं तर कुणाचं, आणि नव्हतं म्हणावं तर सभागृहाला खोटं सांगितलेलं उघडं पडतं. त्याला घाम फुटलेला बघून बबनराव मदतीला धावले. गप्प बसले असते तर कदाचित वाचले असते. पण प्रत्येक ठिकाणी आपणच बोलायचं, ही त्यांची जन्माची खोड.

"बेवारस मढं हुतं, साहेब," ते म्हणाले. "पुण्याचं काम म्हणून आमीच जाळलं."

फौजदार ताठ झाले. "बेवारस प्रेत? पोलिसांना न कळवता? पंचनामा न करता? पुरुष होता का बाई? कुठं सापडलं? कुणी आणलं?"

बबनरावांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. राधाकिशननं त्या तोंडाकडे एकदा बघितलं, आणि आयुष्यभर न मिळालेला कणा त्याला भीतीनं दिला.

"साहेब, कुणी मेलं नाही!" तो ओरडला. "पऱ्हाट्या जाळल्या साहेब, नुसत्या पऱ्हाट्या! यांनीच सांगितलं. उत्तरही यांनीच लिहायला लावलं!"

अध्यक्ष काय काय बोलले ते इथं लिहिण्याजोगं नाही. शेडमध्येच टेबल मांडलं गेलं, जबाब सुरू झाले. त्या गडबडीत मुक्ताबाई बबनरावांसमोर गेली आणि भरलेलं घमेलं तिनं त्यांच्या पांढऱ्या बुटांवर रिकामं केलं.

"घ्या. तुमचं तुमी सावडा."

फौजदार बघत होते. त्यांनी दुसरीकडे तोंड फिरवलं.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मलाही बरं वाटलं असतं. पावसाळी अधिवेशनात सरकारनं आधीचं उत्तर मागं घेतलं आणि नवं दिलं. ते वाचायला मी गिरणीत गेलो तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. वस्तीतल्या बाया होत्याच, वरच्या आळीतल्याही डबे घेऊन आल्या होत्या, दळण असो नसो. मी वाचायला लागलो. हे खरे आहे. दहनशेडची मूळ जागा बदलण्यात आली होती, हे खरे आहे. श्री. शहादेव ओव्हाळ यांचा अंत्यविधी सदर शेडमध्ये झालेला नाही, हे खरे आहे. प्रत्येक 'खरे आहे'ला बायांनी टाळी वाजवली. मग पुढचं वाक्य आलं:

"सदर शेडचा वापर एका खाजगी इसमाने चारा साठविण्याकरिता केल्याचे निदर्शनास आले असून, संबंधित ग्रामपंचायत अधिकाऱ्यास निलंबित करण्यात आले आहे."

"कुणी?" मुक्ताबाईनं विचारलं.

"एका खाजगी इसमाने."

"नाव?"

"नाव नाही, मावशी."

टाळ्या थांबल्या. मी तिथूनच युवराजना फोन लावला. ते ओशाळले होते. खालून आलेल्या उत्तरात नाव होतं, ते म्हणाले. वर कुणीतरी काढलं. अधिवेशनाच्या आधी बबनराव मुंबईत जाऊन राहिले होते, हे आम्हाला मागाहून कळलं. मुंबईला त्यांचं कुणी नसेल, हा मुक्ताबाईचा अंदाज चुकला होता. पुढाऱ्याला सगळीकडे कुणीतरी असतं. राधाकिशन घरी बसला आणि बबनराव एका शब्दाआड दडून सुटले. मला इतका संताप आला, की मी तो मोबाइल आपटणार होतो, पण त्याचे हप्ते बाकी होते.

शेड वस्तीच्या ताब्यात आलं. सिमेंटचा रस्ता बबनरावांच्या शेतातून थेट शेडपर्यंत नेण्याचा आदेश निघाला. शहाणी माणसं मुक्ताबाईला सांगायला आली, बाई, झालं तुझ्या मनासारखं, आता राग सोड.

"शेड वस्तीला मिळालं," ती म्हणाली. "मला काय मिळालं? म्या फक्त त्याचं नाव मागितलं हुतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगल नावाची बाई ज्वारीचा डबा घेऊन आली. उशीर का झाला, तर म्हणाली, "बबनरावाचा ट्रॅक्टर आडवा लावलाय वाटंत."

"कोन बबनराव?" मुक्ताबाई गिरणीच्या आवाजावरून ओरडली. "सरकारला ठावं न्हाई असला कुणी. खाजगी इसमाचा ट्रॅक्टर म्हन!"

बायांना हसता हसता पिठाचा ठसका लागला. दुपारपर्यंत ते वरच्या आळीत पोचलं, संध्याकाळी पारावर. गावात एकदा नाव पडलं की माणूस मेला तरी ते मरत नाही, नातवंडांना वारसानं जातं. खाजगी इसमाची म्हैस व्याली. खाजगी इसमाचा जावई आला. एसटीचा कंडक्टर बंगल्याजवळच्या थांब्यावर घंटी मारून ओरडायला लागला, "चला, खाजगी इसम फाटा!" नेकनूरला एका लग्नात पाव्हण्यांच्या स्वागताच्या चिठ्ठ्या माइकवाल्याकडे गेल्या. माइकवाला परगावचा. त्यानं मोठ्या अदबीनं पुकारलं, "ज्येष्ठ नेते मा. श्री. खाजगी इसम साहेब यांचं स्वागत!" मांडव फुटायचा बाकी राहिला. ती चिठ्ठी कुणी लिहिली ते मला माहीत नाही. अक्षर मात्र सुरेख होतं.

बबनराव जिल्हा परिषदेच्या तिकिटासाठी वर्षभर फिरत होते. पक्षाच्या बैठकीत त्यांचं नाव निघालं आणि मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी हळूच त्यांचं दुसरं नाव घेतलं. नेत्यालाही हसू आवरेना. तिकीट दुसऱ्याला गेलं.

त्यानंतरची गोष्ट. मी गिरणीत बसलो होतो. बबनराव आले, एकटे, पायी. बौद्धवस्तीच्या हद्दीत त्यांना मतं मागायच्या दिवसांखेरीज कुणी बघितलं नव्हतं. दोन्ही हात रिकामे, डोक्यावर टोपी नाही. बाया सरकल्या. ते पायरीपाशी उभे राहिले. मुक्ताबाईनं गिरणी बंद केली नाही.

"मुक्ताबाई, लई झालं आता," ते म्हणाले. "नातवाला शाळंत त्येच म्हणत्यात. त्यो रडत घरी येतो. तुमी सांगितलं तर लोक थांबतील."

"ऐकू येत न्हाई," मुक्ताबाई म्हणाली.

ते मोठ्यानं बोलले. पुन्हा ऐकू आलं नाही. शेवटी त्यांनी घसा फोडून सांगितलं, रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. "माझं नाव घ्या! बबनराव म्हणा, बबन्या म्हणा, चार शिव्या घाला! पर माझं नाव घ्या!"

मुक्ताबाईनं तोंडावरचा पदर बाजूला केला. तिच्या भुवयांवर पीठ बसलं होतं. तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं.

"तुमचं नाव मुंबईला ऱ्हायलंय," ती म्हणाली. "तुमीच ठिवून आलाव. जाऊन आना."

आणि पुढचा डबा कुणाचा आहे म्हणून तिनं बायांना विचारलं.